गावरान कोंबडी पाळायचीय? मग आधी एकच प्रश्न विचारा, 'ही खुडूक होते का?'

आखाड लागला की कोल्हापूर भागात दोन गोष्टी हमखास वाढतात. एक पाऊस आणि दुसरी गावरान कोंबड्याची मागणी. रस्त्याकडेला 'गावरान कोंबडी मिळेल' अशा पाट्या दिसायला लागतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लालभडक तुऱ्याच्या कोंबड्याचे फोटो फिरतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'ओरिजिनल गावरान, शंभर टक्के गॅरंटी.'

पण ही गॅरंटी नेमकी कशाची?

हा प्रश्न खाणाऱ्यापेक्षा पाळणाऱ्याला जास्त छळतो. गडमुडशिंगीचंच उदाहरण घ्या. करवीर तालुक्यातलं, कोल्हापूर शहराला लागून असलेलं हे गाव. जवळच गांधीनगरची कापडाची बाजारपेठ, शेजारी उजळाईवाडीचं विमानतळ. शहर वाढत गावापर्यंत आलंय, पण आसपास ऊस अजून उभा आहे. अशा गावात घरामागे थोडंफार परडं असलेल्या माणसाच्या मनात कधीतरी येतंच की आजीच्या वेळेसारख्या पाच-सहा कोंबड्या पाळाव्यात. घरची अंडी होतील, पै-पाहुणा आला तर कोंबडा होईल.

मग तो पिल्लं आणतो. विकणारा सांगतो, गावरान आहेत. पिल्लं मोठी होतात, अंडी देतात, सगळं छान चालतं. पण वर्ष-दोन वर्षं गेली तरी एकही कोंबडी अंड्यांवर बसत नाही. कोंबड्या म्हाताऱ्या होतात, अंडी कमी होतात आणि शेवटी खुराडं रिकामं होतं. पुन्हा पिल्लं विकत आणायची वेळ येते.

इथे खरी गोम आहे. ती समजून घ्यायची तर आधी 'गावरान' म्हणजे काय ते बघायला हवं.

गावरान ही जात आहे का?

थेट उत्तर द्यायचं तर कागदावर नाही.

आपल्या देशात जनावरांच्या आणि पक्ष्यांच्या देशी जातींची नोंद ठेवायचं काम हरियाणातल्या करनालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था करते. एखाद्या भागातल्या जनावराचे गुणधर्म इतरांपेक्षा वेगळे आहेत आणि ते पिढ्यानपिढ्या तसेच उतरतात हे दाखवून दिलं की त्या जातीला नोंदणी क्रमांक मिळतो. खिल्लार बैल, पंढरपुरी म्हैस, संगमनेरी शेळी ही नावं या यादीत आहेत.

कोंबड्यांच्या यादीत देशभरातल्या वीसएक जाती आहेत. मध्य प्रदेशची कडकनाथ, झुंजीसाठी प्रसिद्ध असलेली असील, अंदमान-निकोबारची निकोबारी, केरळची तेल्लीचेरी, आंध्र आणि कर्नाटकातली घागस, गुजरातची अंकलेश्वर. महाराष्ट्राचं नाव येतं ते 'बुसरा' या जातीसोबत. तीही गुजरात आणि महाराष्ट्र मिळून. नंदुरबार जिल्ह्यातला नवापूरचा आदिवासी पट्टा आणि त्याला लागून असलेला गुजरातचा भाग हे तिचं घर.

म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला दारातल्या म्हशीची जात सांगता येते, बैलाची जात सांगता येते, पण त्याच दारात दाणे टिपणाऱ्या कोंबडीला 'गावरान' यापलीकडे नाव नाही. गावरान म्हणजे गावच्या रानात, उकिरड्यावर, परड्यात पिढ्यानपिढ्या स्वतःच्या जिवावर टिकलेली कोंबडी. ती काळी असते, तांबडी असते, कवडी असते. कुणाची मान बोडकी असते, कुणाची पिसं उलटी वळलेली असतात. एकाच कोंबडीखाली निघालेली दहा पिल्लं दहा रंगांची निघू शकतात.

त्यामुळे फोटोतला रंग बघून गावरान ठरवता येत नाही.

पायाचा रंग बघून तरी कळतं का?

बाजारात जाणती माणसं कोंबडीचे पाय बघतात, चोच बघतात, तुरा बघतात. पाय पिवळे की काळसर यावरून अंदाज बांधतात. पण या पिवळ्या पायांची गोष्टच वेगळी आहे.

जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार माणसाच्या वस्तीजवळ कोंबडी राहू लागल्याचा सगळ्यात जुना भक्कम पुरावा थायलंडमधल्या बान नॉन वाट इथला आहे, साधारण इसवी सनपूर्व १६५० ते १२५० मधला. शेतात सांडलेलं धान्य खायला हे पक्षी रानातून वस्तीकडे आले असावेत, असं हे अभ्यासक सांगतात. थोडक्यात उकिरड्यावर दाणे टिपणारी कोंबडी आजही तेच करतेय.

पण तांबड्या रानकोंबड्याची कातडी पिवळी नसते. मग पाळीव कोंबडीचे पिवळे पाय आले कुठून? २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी ते जनुक शोधलं, तेव्हा ते राखी रानकोंबड्याकडून आल्याचं दिसलं. हा राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीतला. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात पहाटे ज्याची बांग ऐकू येते, तोच.

गंमत अशी की पिवळ्या पायांचं हे जनुक आज लेगहॉर्नसारख्या परदेशी कोंबड्यांतही सर्रास आहे. त्यामुळे पिवळा पाय हा गावरान असल्याचा पुरावा होत नाही, तसा तो नसल्याचाही पुरावा होत नाही.

मग बाजारात गावरान म्हणून मिळतं ते काय असतं?

बऱ्याचदा त्या सुधारित जाती असतात. त्या वाईट आहेत असं अजिबात नाही. उलट त्या मुद्दाम परसातल्या पाळणुकीसाठीच तयार केल्यात.

'वनराज' आणि 'ग्रामप्रिया' हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केल्या. 'गिरिराज' बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची. ऱ्होड आयलंड रेड, म्हणजे बोलीभाषेत 'आरआयआर', ही मूळची अमेरिकेची. या कोंबड्या दिसायला रंगीत आहेत, मोकळ्या फिरतात आणि अंडी जास्त देतात. महाराष्ट्र सरकारची पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर अशा चार ठिकाणी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. तिथूनही परसातल्या पाळणुकीसाठी सुधारित जातींची पिल्लं दिली जातात.

फरक आकड्यांत बघा. साधी गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते. वनराज शंभरच्या वर जाते, ग्रामप्रिया दीडशेच्याही पुढे. पिंजऱ्यातली व्यावसायिक कोंबडी ३०० च्या वर.

हे वाचून कुणालाही वाटेल, मग गावठी पाळायचीच कशाला?

साठ अंडी देणारी कोंबडी आळशी नसते

गावठी कोंबडीची अंडी कमी का, याचं उत्तर तिच्या वेळापत्रकात आहे.

ती एका पाळीत १२ ते १५ अंडी घालते. मग तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ती खुडूक होते. म्हणजे अंडी घालणं बंद करून घरट्यावर ठाण मांडते. हात लावला की पिसं फुलवून गुरगुरते, चोच मारते. २१ दिवस ती अंडी उबवते. दिवसातून थोडाच वेळ दाणापाण्यासाठी उठते. स्वतः अंडी फिरवत राहते, म्हणजे सगळीकडून सारखी ऊब लागते. पिल्लं निघाली की पुढचे दीड-दोन महिने ती त्यांना घेऊन फिरते, दाणा दाखवते, घार दिसली की पंखाखाली घेते. पिल्लं सुटी झाली की पुन्हा अंड्यांवर येते.

हे सगळं चक्र साधारण चार महिन्यांचं. वर्षात तीन पाळ्या. हिशोब लावला तर ३६ ते ४५ अंडी होतात. अंडी काढून घेतली आणि तिला बसू दिलं नाही तर आकडा थोडा वाढतो.

आता जास्त अंडी देणारी कोंबडी तयार करायची असेल तर काय करावं लागेल? खुडूक होणाऱ्या कोंबड्या बाजूला काढायच्या आणि न होणाऱ्यांचीच पैदास करायची. जगभर नेमकं हेच झालं. अंड्यांच्या धंद्यासाठी खुडूक होणं हा दोष ठरला आणि तो पिढ्यानपिढ्या निवडीतून काढून टाकला गेला. वनराज, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित कोंबड्याही सहसा खुडूक होत नाहीत.

म्हणजे सुधारित कोंबडीच्या मालकाला पुढची पिढी हवी असेल तर यंत्र लागतं, वीज लागते किंवा उबवणी केंद्राची वाट धरावी लागते. यातल्या बऱ्याच सुधारित कोंबड्या दोन वेगळ्या वाणांचा संकर असतात. त्यांची अंडी घरी उबवली तरी पुढच्या पिढीत तेच गुण तसेच उतरत नाहीत. संकरित बियाण्याचं जे होतं, तेच इथेही.

गावठी कोंबडीच्या मालकाला यातलं काही लागत नाही. त्याचं उबवणी यंत्र दाणे टिपत फिरत असतं.

म्हणून पिल्लं घेताना रंग, पाय, तुरा यापेक्षा एक प्रश्न जास्त कामाचा आहे. 'यांची आई खुडूक होते का? बघायला मिळेल का?' जो विकणारा पिल्लांसोबत फिरणारी कोंबडी दाखवू शकतो, त्याच्याकडे खरं काहीतरी आहे.

कडकनाथने शिकवलेला धडा

देशी कोंबडीबद्दल बोलताना कोल्हापूर-सांगली भागात एक विषय टाळता येत नाही.

कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची जात. पिसं काळी, कातडी काळी, हाडांपर्यंत काळेपणा. हा रंग एका जनुकीय बदलामुळे येतो. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिची देशभर चर्चा झाली. महेंद्रसिंह धोनीने २००० पिल्लांची ऑर्डर दिल्याची बातमी २०२० मध्ये गाजली होती. बर्ड फ्लूमुळे ती ऑर्डर रखडली आणि पिल्लं पोचायला २०२२ उजाडलं.

त्याच्या आधी, २०१९ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या, म्हणजे आताच्या ईश्वरपूरच्या एका कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. योजना ऐकायला सोपी होती. पैसे भरा, कडकनाथची पिल्लं घ्या, खाद्य आणि औषधं कंपनी देईल आणि अंडी, पक्षी सगळं कंपनीच चढ्या दराने परत विकत घेईल. सांगली, कोल्हापूर, साताऱ्यासह अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी पैसे घातले. काहींनी कर्ज काढलं.

मग खरेदी थांबली. खाद्य यायचं बंद झालं. शेडमध्ये पक्षी उपाशी मरायला लागले. गुन्हे दाखल झाले, मोर्चे निघाले.

यात कोंबडीचा काही दोष नव्हता. अडचण अशी झाली की शेतकऱ्याने कोंबडी आणली ती पक्षी म्हणून नव्हे, गुंतवणूक म्हणून. त्या अंड्यांना आणि मांसाला गावात रोजचं गिऱ्हाईक आहे का, हे बघितलंच गेलं नाही. विकत घेणारा एकच आणि पिल्लं देणाराही तोच. तो गेला की सगळं गेलं.

परड्यातल्या पाच कोंबड्यांचं गणित याच्या बरोबर उलट चालतं. पिल्लं घरातच निघतात, खाद्य घरातलं शिळंपाकं आणि गिऱ्हाईक म्हणजे घरातली आणि गल्लीतली माणसं. यात कुणी लखपती होत नाही आणि कुणी बुडतही नाही.

सुरुवात कशी करायची?

पाच-सहा तलंगा आणि एक कोंबडा एवढं पुरे. एक कोंबडा आठ-दहा कोंबड्यांना पुरतो. फक्त तो त्याच घरातला, त्याच आईचा नको. नाहीतर दोन-तीन पिढ्यांत पिल्लं अशक्त निघतात, अंडी फुटत नाहीत. वर्ष-दीड वर्षाने दुसऱ्या गावच्या ओळखीच्या माणसाशी कोंबड्याची अदलाबदल करायची पद्धत त्यासाठीच चांगली.

आधीपासून घरात सुधारित कोंबडा असेल आणि आता गावठी वाण जपायचा असेल तर एक लक्षात ठेवा. कोंबडा बाजूला काढल्यावरही कोंबडीच्या पोटात त्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. त्यामुळे नवा कोंबडा सोडल्यानंतर पहिले तीन आठवडे मिळणारी अंडी उबवायला ठेवू नका, खाऊन टाका.

खुराडं: रात्रीपुरती जागा हवी. दर कोंबडीमागे दीड-दोन चौरस फूट धरलं तर दहा पक्ष्यांना पाच बाय चारचं खुराडं चालतं. जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असेल तर ओल लागत नाही. जाळी बारीक घ्या, अर्ध्या इंचाची. आसपास ऊस असेल तर मुंगूस आणि साप ठरलेले. मोठ्या भोकाच्या जाळीतून मुंगूस आत गेला की एका रात्रीत खुराडं रिकामं होतं. कोंबड्या आडव्या काठीवर बसून झोपतात, त्यामुळे आत एक-दोन काठ्या हव्यातच. अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांमागे एक बुट्टी किंवा खोकं पुरतं, आत पाचट किंवा गवत.

खाद्य: दिवसभर मोकळं सोडलं तर किडे, मुंग्या, वाळवी, पाला ती स्वतः शोधते. संध्याकाळी मूठ-मूठ मका, जोंधळा, भाताच्या कण्या टाका. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या हाकेने टाकल्या तर कोंबड्या आपोआप खुराड्याकडे परततात. अंड्याचं कवच पातळ येत असेल तर शिंपल्याचा चुरा द्या. बीजप्रक्रिया केलेलं उरलेलं बियाणं आणि नुकती फवारणी झालेलं शेत या दोन्हींपासून त्यांना लांब ठेवा.

पावसाळा: कोल्हापूरच्या पावसात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ओल. ओल्या जमिनीवर पिल्लांना रक्ती हगवण लागते. खुराड्यात भाताचं तूस टाका, ते हलवत राहा, ओलं झालं की काढून टाका. शक्य असेल तर उबवणीला कोंबडी दिवाळीनंतर बसवा. हिवाळ्यात निघालेली पिल्लं पावसाळ्यापर्यंत चांगली धट्टीकट्टी होतात.

कोंबडी बसवायची कशी?

खुडूक कोंबडी खरंच बसणार आहे का हे बघायला दोन दिवस तिला दोन-तीन अंड्यांवर बसू द्या. टिकली तर रात्री अंधारात खालची अंडी बदलून १० ते १२ अंडी ठेवा. यापेक्षा जास्त ठेवली तर कडेच्या अंड्यांना ऊब पुरत नाही.

अंडी आठवड्याच्या आतली हवीत. धुऊ नका, कारण कवचावरचं संरक्षक आवरण निघून जातं. साठवताना निमुळतं टोक खाली ठेवा. फ्रिजमधली अंडी नकोत.

सातव्या दिवशी मोबाइलचा टॉर्च कामाला येतो. अंधाऱ्या खोलीत अंडं टॉर्चवर धरा. आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू वाढतंय. अगदी स्वच्छ, पारदर्शक दिसलं तर ते अंडं फुकट आहे, काढून टाका.

आणि कोंबडी बसवायची नसेल तर? खुडूक मोडायला काही जण तिला पाण्यात बुडवतात, कुणी नाकात पीस घालतात. याची गरज नाही. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवलं की बहुतेक कोंबड्यांची खुडूक उतरते.

मानमोडी आणि शंभर डोसांची बाटली

गावठी कोंबडी काटक असते, तिला लस लागत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. हा समज महाग पडतो.

मानमोडी म्हणजेच राणीखेत. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलवरून जगाने या रोगाला नाव दिलं, आपल्याकडे उत्तराखंडमधल्या राणीखेतवरून नाव पडलं. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, पंख-पाय लुळे पडतात आणि दोन-चार दिवसांत आख्खी गल्ली कोंबड्यांविना होते. यावर इलाज नाही, फक्त लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून द्यायची लासोटा लस, पुढे दोन महिन्यांच्या आसपास इंजेक्शनची लस. देवीची लस वेगळी. वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्यावं.

मग लोक लस का देत नाहीत? निष्काळजीपणा हे एक कारण आहेच, पण दुसरं कारण बाटलीत आहे. लसीची कुपी साधारणपणे शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांसाठी येते. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कोण शंभर डोस आणणार?

यावरचा उपाय सोपा आहे. गल्लीतल्या पंधरा-वीस घरांनी एकच दिवस ठरवायचा. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात गेल्या की एक बाटली, बर्फाचा थर्मास आणि एक फेरी. हा रोग एका परड्यातून दुसऱ्या परड्यात जातो, त्यामुळे शेजाऱ्याच्या कोंबड्यांना लस मिळणं हा आपलाच फायदा असतो. ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'ओरिजिनल गावरान'चे फोटो येतात, त्याच ग्रुपवर लसीची तारीख टाकता येते.

अचानक खूप कोंबड्या मेल्या तर त्या विकू नका, ओढ्यात टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला झाली. म्हणजे महाराष्ट्राच्या एकमेव नोंदणीकृत कोंबडीच्या, बुसराच्याच घरात. साथ मोठ्या पोल्ट्री फार्मवर आली तरी रोग रोखण्यासाठी आसपासच्या परड्यांतल्या कोंबड्याही माराव्या लागतात. एखाद्या भागातच असलेली जात अशा वेळी किती कमी वेळात धोक्यात येऊ शकते, याचा अंदाज यावरून येतो.

विमानतळाशेजारी कोंबडी पाळताना

गडमुडशिंगीकरांसाठी ही एक जास्तीची गोष्ट. विमान नियम १९३७ मधल्या ९१ व्या नियमानुसार विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्षी आकर्षित होतील अशा प्रकारे जनावरं कापणं किंवा कचरा, घाण उघड्यावर टाकणं यावर बंदी आहे. कारण मांसाच्या तुकड्यांवर घारी जमतात आणि घार विमानाला धडकली तर अपघात होऊ शकतो.

याचा कोंबडी पाळण्याशी थेट संबंध नाही. पण पिसं, आतडी, मेलेली कोंबडी उघड्यावर टाकण्याशी आहे. हे सगळं खड्डा खणून, वर चुना टाकून पुरलं पाहिजे. आणि यात पाळणाऱ्याचाही स्वार्थ आहे. टाकलेल्या आतड्यांवर जमणारी घारच दुसऱ्या दिवशी परड्यातलं पिल्लू उचलते.

तपकिरी अंडं म्हणजे गावरान अंडं?

हाही एक लाडका गैरसमज. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. परदेशी आरआयआरचं अंडंही तपकिरीच असतं आणि खऱ्या गावठी कोंबडीचं अंडं फिकट, जवळपास पांढरंही असू शकतं. कवचाच्या रंगाने पोषणात फरक पडत नाही. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावठी म्हणून विकल्याच्या बातम्याही अधूनमधून येत असतात.

बलकाचा गडद पिवळा रंग येतो तो खाद्यातून, म्हणजे हिरवा पाला, मका यातून. मोकळी फिरणारी कुठलीही कोंबडी पाला खाल्ला की तसा बलक देते.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

एक साधा हिशोब मांडू. समजा पाच कोंबड्या आहेत आणि प्रत्येकीने वर्षाला ६० अंडी दिली. एकूण ३००. प्रत्येकीला वर्षात एकदाच १२ अंड्यांवर बसवलं तर ६० अंडी उबवणीला गेली, २४० खायला राहिली. साठातली ४५ फुटली आणि घार, मांजर, आजारपण यातून निम्मी वाचली तरी वर्षअखेरीस वीस-बावीस नवे पक्षी उभे. त्यातल्या चार-पाच चांगल्या तलंगा ठेवायच्या, बाकीचे आखाडाला, जत्रेला किंवा शेजाऱ्याला. बाहेरून विकत आणलं काय? थोडे दाणे आणि लस.

फक्त अंडी हवी असतील तर ग्रामप्रिया घ्या, त्यात काही चूक नाही. पण दोन्ही प्रकार एकाच परड्यात एकाच कोंबड्याखाली सोडले तर काही वर्षांत खुडूक होणारी कोंबडीच दिसेनाशी होते. कुणी मारत नाही, कुणी विकत नाही, ती नुसती पातळ होत होत संपते.

२०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्यांची संख्या ३१.७ कोटी निघाली. २०१२ च्या तुलनेत तब्बल ४६ टक्के वाढ. पण या आकड्यात सुधारित जातीही येतात. म्हणजे परड्यातल्या कोंबड्या वाढल्या म्हणून गावठी वाढली, असं म्हणता येत नाही.

कडकनाथला मानांकन आहे, सरकारी प्रक्षेत्रं आहेत, धोनी आहे. बुसराकडे निदान नोंदणी क्रमांक आहे. कोल्हापूरच्या परड्यातल्या कवड्या कोंबडीकडे यातलं काहीच नाही. तिचं वाण कुठल्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेलं नाही. जे आहे ते गावागावांतल्या खुराड्यांत, पाचटाच्या बुट्टीत पिसं फुलवून बसलेल्या कोंबडीखाली आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी घरातली कोंबडी खुडूक झाली आणि 'आता महिनाभर अंडी बंद' म्हणून कुणी वैतागलं, तर त्याला सांगा, बसू दे तिला. एकवीस दिवसांचा तर प्रश्न आहे.